छातीचा मुका मार : तातडीचे उपचार

त्वचा न फाटता छातीच्या पिंजऱ्याला आणि आतल्या फुप्फुस, हृदय, महाधमनी या अवयवांना झालेली इजा. स्टिअरिंग किंवा दुचाकीचे हँडल छातीत बसणे, उंचावरून पडणे, अंगावरून चाक जाणे ही नेहमीची कारणे. पुणे-नगर मार्गावरच्या वाघोलीत दगडखाणींमुळे डंपरची वर्दळ मोठी. तेथील केसनंद फाट्यावर २३ डिसेंबर २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढून दोन बालकांसह तिघे दगावले. मुलांच्या बरगड्या लवचीक असल्याने त्या शाबूत राहूनही फुप्फुस चेचलेले असू शकते. वरून काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे : मानेला आधार देऊन श्वासमार्ग मोकळा करणे, श्वास तपासणे, मग रक्ताभिसरण. फुप्फुसाबाहेर हवा दाबाने कोंडली की एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही, रक्तदाब कोसळतो. हे निदान हाताने व स्टेथोस्कोपनेच करायचे. एक्स-रेची वाट पाहण्यात रुग्ण जातो. प्रौढात बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे सुई घालून हवा सोडतात आणि लगेच नळी बसवतात. पूर्वी सुई हसळीखाली, दुसऱ्या फटीत घालत. जाड छातीत ती आत पोचत नसे. नळीतून एकदम दीड लिटर, किंवा पुढे दोन ते चार तास दर तासाला २०० मिलिलिटर रक्त येत राहिले तर छाती उघडण्याचा विचार करतात. अशी वेळ थोड्यांवरच येते. बहुतेकांचे काम नळी, प्राणवायू व वेदनाशमनावर भागते. हृदयाभोवती रक्त साचले आहे का, हे सोनोग्राफीने खाटेवरच कळते.

लागोपाठ तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर तो भाग श्वासागणिक उलटा हलतो. छाती पट्ट्यांनी आवळण्याची जुनी रीत घातक; त्याने श्वास आणखी उथळ होतो. दुखणे नीट शमवले तरच रुग्ण खोल श्वास घेतो, खोकतो आणि न्यूमोनिया टळतो. वृद्धांच्या बाबतीत हे विशेष खरे.

रुग्णाला रुग्णालयात नेण्यासाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. चेचलेल्या फुप्फुसाची सूज २४ ते ४८ तास वाढत जाते, त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी जोराचा मार बसलेल्याला देखरेखीखाली ठेवतात.