फिरती प्रदर्शनं आणि राधानगरीची दारं

1936 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीनं आपलं तंत्रज्ञान-प्रदर्शन गावोगाव फिरवायला सुरुवात केली. नाव 'परेड ऑफ प्रोग्रेस', म्हणजे प्रगतीची मिरवणूक. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातली गर्दी पाहून कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांना ही कल्पना सुचली. 1940 मध्ये त्यासाठी 'फ्युचरलायनर' नावाच्या 12 गाड्या बनल्या. लांबी 33 फूट, अंग सगळं गोलाईचं. चालक पार वर काचेच्या घुमटात बसे. रुबाब मोठा, पण उन्हात घुमट भट्टीसारखा तापायचा! गावात पोचल्यावर गाडीची कूस उघडली की रंगमंच तयार. जेट इंजिन, मायक्रोवेव्ह, टीव्ही, सारं फुकट पाहायला मिळे. युद्धामुळं बंद पडलेली मिरवणूक 1953 मध्ये पुन्हा निघाली आणि 1956 मध्ये थांबली. ज्या टीव्हीचं कौतुक या गाड्यांनी केलं, त्यानंच त्यांची गर्दी पळवली.

फुकटातही हिशेब होता. उद्याचं स्वप्न पाहणाऱ्यानं मोटार आपलीच घ्यावी, हा. कंपनीचा मुंबईतला शिवडीचा कारखाना 1928 पासून मोटारी जोडत होताच.

आपल्याकडे 1965 मध्ये कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयानं फिरतं विज्ञान-प्रदर्शन काढलं. पुढं वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसही महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत जाऊ लागल्या. या गाड्यांना काही विकायचं नव्हतं. पण बटण दाबणाऱ्या पोराला खालची पाटी वाचता यायला हवी, ही अट तिथंही होतीच.

म्हणून मला राधानगरी आठवते. तिथं तंत्रज्ञान मिरवायला आलं नाही, कामाला लागलं. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं; ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याच राजानं 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. धरण आणि शाळा ही त्याच्या लेखी वेगवेगळी खाती नसावीत. आपल्या समाजात बोर्डिंगची आठवण निघते, धरणाची क्वचितच. दोन्हींचं पाणी आपणही प्यालो आहोत.

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की दार आपोआप उघडतं, उतरलं की मिटतं. पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या घरांत, मंदिराजवळच्या आणि मशिदीजवळच्याही, सकाळी पहिला प्रश्न एकच असतो: राधानगरीचे किती उघडले?