सांडपाण्याची गाळणी : श्रेयाचा एक इतिहास

फ्रेंच भाषेत सांडपाण्याला ‘वापरलेले पाणी’ म्हणतात, तर जर्मन भाषेत ‘दूर जाणारे पाणी’. मराठीने ‘सांडणे’ या क्रियापदावरून आपला शब्द घडविला. तिन्ही शब्दांत घाणीचा उच्चार नाही, आणि त्या पाण्याचे पुढे काय होते याचाही नाही. वनस्पती व माती यांच्या साहाय्याने घरगुती सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहताना हे ‘पुढे’ कोणाच्या खाती जमा झाले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

व्हिक्टर ह्यूगो याने ‘ले मिझेराब्ल’मध्ये (१८६२) ऐन उत्कंठेच्या क्षणी कथानक थांबवून पॅरिसच्या गटारांवर सलग प्रकरणे लिहिली. शहर आपले खत समुद्रात फेकून देते, ही त्याची तक्रार. (संक्षिप्त आवृत्त्यांतून बहुधा हाच भाग आधी गाळला जातो, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) ह्यूगोच्या लेखी माती ही घेणारी आहे. ती शुद्धही करते हे माहीत होत होते, पण कशी, हे उमगले नव्हते. १८७७ मध्ये तेओफील श्लेझिंग व आशिल म्युंट्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया बंद पडली. निर्जीव चाळणी मानली गेलेली माती सूक्ष्मजीवांची वस्ती ठरली.

वनस्पतीचा प्रवेश त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. १९५० च्या दशकात प्ल्योन येथील माक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल यांनी लव्हाळ्यांवर प्रयोग केले आणि फेनॉलसारखे विषारी द्रव्यही त्यांच्या सान्निध्यात कमी होते, असे दाखविले. त्यांच्याबरोबर काही काळ काम केलेल्या राइनहोल्ड किकुट यांनी ‘मूळक्षेत्रा’ची संकल्पना मांडली; त्यानुसार १९७४ मध्ये ओटफ्रेझेन येथे गावाच्या सांडपाण्यासाठी वाफे सुरू झाले. बोरूच्या जातीच्या गवताची मुळे चिकण मातीत वाटा पाडतील, असा किकुट यांचा भरवसा होता. मातीने तो राखला नाही. पाणी वाफ्यावरूनच वाहू लागले. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये मातीच्या जागी खडी आली. वनस्पती स्वतः शोषून घेते तो वाटा थोडाच, आणि कापणी न केल्यास तोही परत पाण्यात येतो. बहुतेक काम मुळांवरचे व खडीवरचे जीवाणू करतात, असे पुढील अभ्यासांतून दिसले. तरीही या पद्धतीला लोक वनस्पतीच्याच नावाने ओळखतात. हिरवे ते डोळ्यांना दिसते.

आपल्याकडे मोरीचे पाणी पाटाने परसात सोडून त्यावर अळू, केळ, कर्दळ वाढविण्याची रीत जुनी आहे. तिच्या आधारे ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला हा दावा मान्य नाही. परसातील गृहिणीला पाणी शुद्ध करायचे नव्हते. ते वाया जाऊ द्यायचे नव्हते. झायडेल यांना नेमके उलट, पाण्यातून काय वजा झाले हे मोजायचे होते. दोन्हीकडे क्रिया तीच असेल. प्रश्न एक नव्हता.

शिवाय त्या परसात एक मौन आहे. तेथे मोरीचे पाणीच येई. मैला वेगळा ठेवलेला असे आणि तो जातीने नेमून दिलेल्या माणसांच्या डोक्यावरून गावाबाहेर जाई. अळूच्या वाफ्याची स्वच्छता या विभागणीवर उभी होती. डिसेंबर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. हेच पटवर्धन पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासाची रचना बसवीत राहिले. ह्यूगोची तक्रार आणि परसातले मौन, दोहोंना तेथे एकाच खड्ड्यात उत्तर शोधले जात होते. सांडपाणी-शुद्धीच्या प्रचलित इतिहासांत झायडेल आणि किकुट भेटतात. हा खड्डा मला अजून कोठे भेटलेला नाही.