गोळीबाराचे अवशेष : प्रयोगशाळेतील परीक्षण

शस्त्र झाडले की काडतुसाच्या प्रायमरमधील (दारू पेटवणाऱ्या भागातील) पदार्थांची वाफ होते व ती निवताना सूक्ष्म कण बनतात. न जळालेल्या दारूच्या कणांसह ते हातावर, कपड्यांवर व आसपास बसतात. कण सापडल्यास गोळीबाराशी संबंध सूचित होतो. गोळी कोणी झाडली, हे त्यांवरून ठरत नाही.

मेणाची चाचणी : मेक्सिकोच्या तेओदोरो गोन्झालेस यांनी १९३३ मध्ये ती अमेरिकेत मांडली. वितळलेले पॅराफिन हातावर थिजवून साचा सोलून काढीत व त्यावर सल्फ्यूरिक अम्लातील डायफेनिलअमाइन सोडीत. नायट्रेटमुळे निळे ठिपके उमटत; पण खत, तंबाखू व मूत्र यांनीही ते उमटतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या तपासात (१९६३) संशयित ऑस्वल्डच्या हातांवर चाचणी होकारार्थी, उजव्या गालावर नकारार्थी आली. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने ती अविश्वसनीय ठरविली.

धातूंच्या चाचण्या : हॅरिसन व गिलरॉय यांनी १९५९ मध्ये शिसे, बेरियम व अँटिमनी यांसाठी रंगचाचण्या सुचविल्या. पुढे न्यूट्रॉन सक्रियण व आण्विक शोषण या पद्धती आल्या. त्यांत धातूचे एकूण प्रमाण कळते, कणाचे रूप कळत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : १९७० च्या दशकापासूनची ही सर्वांत भरवशाची पद्धत. चिकट कार्बन पट्टी लावलेली ॲल्युमिनियमची चकती अंगठा व तर्जनीमधील बेचक्यात आणि हाताच्या पाठीवर वारंवार टेकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली जड धातूंचे कण उजळ दिसतात. क्ष-किरण वर्णपटावरून प्रत्येकातील मूलद्रव्ये कळतात. काही मायक्रोमीटरच्या, वितळून गोलसर झालेल्या एकाच कणात शिसे, बेरियम व अँटिमनी एकत्र आढळणे ही मुख्य खूण. ब्रेकचे अस्तर व शोभेची दारू यांतून मिळतेजुळते कण येऊ शकतात. म्हणून कणाचा आकार व सोबतचे इतर कणही पाहावेच लागतात. शिसेविरहित प्रायमरमध्ये ही खूण मिळत नाही. काहींत टायटॅनियम व जस्त आढळतात.

मर्यादा : जिवंत माणसाच्या हातावरील बहुतेक कण काही तासांत झडतात, हात धुतल्यास त्याहून लवकर. शस्त्रधारी पोलिसाच्या स्पर्शाने ते दुसऱ्याच्या हातावर जाऊ शकतात, त्यामुळे नमुना निःशस्त्र कर्मचाऱ्याने घेणे इष्ट. किती कण पुरेसे, याबाबत मतभेद आहेत. लंडनमधील दूरचित्रवाणी निवेदिका जिल डँडो यांच्या खून खटल्यात (घटना १९९९) सुमारे वर्षाने जप्त केलेल्या आरोपीच्या कोटाच्या खिशातील एकच कण पुरावा म्हणून मांडला गेला. २००१ मधील शिक्षा अपील न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि फेरसुनावणीत आरोपी २००८ मध्ये निर्दोष सुटला.

सेंद्रिय अवशेष : दारूतील नायट्रोग्लिसरीन व स्थिरके वर्णलेखन आणि द्रव्यमान वर्णपटमापनाने ओळखतात.