जलचक्र

जलचक्र : समुद्र, हवा, बर्फ, माती, खडक आणि सजीव यांच्यामधून पाण्याचे अखंड चालणारे फिरणे. सूर्याची उष्णता पाण्याला वर नेते, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि या येरझारीत पाणी वाफ, द्रव व बर्फ अशी तिन्ही रूपे घेते. पृथ्वीवरच्या पाण्याची एकूण बेरीज माणसाच्या कालमानात जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो मुक्काम. हवेत पाणी नऊ-दहा दिवस टिकते, समुद्रात सरासरी तीन हजार वर्षे. त्यामुळे एखाद्या साठ्यात पाणी किती आहे एवढेच विचारून भागत नाही. ते तिथे किती काळ थांबते आणि तिथून कुठे जाते, हेही पाहावे लागते.

पृथ्वीवर सुमारे १३८ कोटी ६० लाख घन किलोमीटर पाणी आहे. हे सगळे पाणी गच्चीवरच्या हजार लिटरच्या एका टाकीत मावते अशी कल्पना केली, तर त्यातले ९६५ लिटर समुद्राचे खारे पाणी निघेल. आणखी नऊ-साडेनऊ लिटर खारे पाणी जमिनीखाली आहे. गोडे पाणी एकूण २५ लिटर. पण त्यातले १७ लिटरहून अधिक अंटार्क्टिका, ग्रीनलंड आणि पर्वतांवरच्या बर्फात गोठलेले आहे आणि साडेसात लिटर भूजल आहे. जगातल्या सर्व गोड्या सरोवरांना मिळून ६६ मिलिलिटर येतात, मातीतल्या ओलीला १२ आणि हवेतल्या वाफेला नऊ. गंगा, ॲमेझॉन, गोदावरी धरून सगळ्या नद्यांच्या पात्रांत एका वेळी असणारे पाणी फक्त दीड मिलिलिटर भरते. आचमनाची पळीही त्याने भरणार नाही.

तरीही बहुतेक संस्कृती नद्यांकाठी उभ्या राहिल्या, कारण नदी हा साठा नव्हे, प्रवाह आहे. नद्यांच्या पात्रांत एका वेळी सुमारे २,१०० घन किलोमीटर पाणी असते, पण वर्षभरात त्या समुद्राला ४० हजार घन किलोमीटरच्या वर पाणी नेऊन देतात. म्हणजे नदीचे पात्र वर्षातून वीसेक वेळा रिकामे होऊन भरते. हवेचेही तसेच. वातावरणातली सगळी वाफ एकदम खाली आली तर पृथ्वीभर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर साचेल. वर्षाचा जागतिक सरासरी पाऊस मात्र एक मीटरच्या आसपास आहे. हवा आपले पाणी वर्षातून चाळीसएक वेळा नव्याने उचलते तेव्हा हा हिशेब जुळतो.

समुद्रावरून दरवर्षी साधारण साडेचार ते पाच लाख घन किलोमीटर पाण्याची वाफ होते. त्यातला नऊ-दशांश भाग पुन्हा समुद्रावरच बरसतो. जमिनीकडे वळतो तो उरलेला हिस्सा. वाफ होताना मीठ मागे राहते, म्हणून खाऱ्या समुद्रातून गोडा पाऊस येतो. या कामाला लागणारी ऊर्जा प्रचंड आहे. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता उकळीला आलेल्या त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. माठातून पाझरलेले पाणी सुकताना ही उष्णता माठाकडून घेते, म्हणून आतले पाणी गार होते. वाफेत दडलेली ही उष्णता ढग बनताना बाहेर पडते, आणि वादळांना व मोसमी वाऱ्यांना बळ पुरवते. जमिनीवरून होणाऱ्या बाष्पीभवनात वनस्पतींचा वाटा मोठा असतो. मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या रंध्रांतून हवेत जाते. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. जमिनीवर पडलेल्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाणी या दोन वाटांनी पुन्हा हवेत जाते. ॲमेझॉनच्या अरण्यात झाडांनी सोडलेली वाफ वाऱ्याबरोबर खंडाच्या आत जाते आणि पुन्हा पाऊस होऊन पडते.

हवा वर चढली की थंड होते, आणि थंड हवेला पूर्वीइतकी वाफ पेलत नाही. धूळ, मिठाचे कण, धूर यांच्यावर वाफेचे सूक्ष्म थेंब जमून ढग होतो. हवेला वर चढवणारे कारण काय, यावर पाऊस कुठे पडणार हे ठरते, आणि याचे सह्याद्रीइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. विषुववृत्त ओलांडून आलेले नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून ओलावा घेत येतात आणि कोकणच्या अरुंद पट्टीनंतर हजार-बाराशे मीटर उंचीच्या कड्यांवर आदळतात. हवा उभीच चढते, थंड होते, आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओतते. घाट उतरून वाईला यावे तो हा आकडा हजाराच्या आत येतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. डोंगरापलीकडे हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. शंभर किलोमीटरच्या आत एकीकडे पावसाला अडवायला झडपा लावणारी घरे आणि दुसरीकडे टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. राज्याच्या सरासरी पावसाचा आकडा या दोघांपैकी कुणाचीच स्थिती सांगत नाही. वेळ आणि जागा यांची ही विषमता आणखी लहान पट्ट्यातही दिसते : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नव्हता.

पडलेले पाणी कोणत्या समुद्राला जाणार हे जलविभाजक ठरवतो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या नद्यांचे उगम एकत्र मानले जातात, त्यांपैकी सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत जाते. कृष्णा मात्र अरबी समुद्र इतक्या जवळ असताना पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या परिसरात गोदावरी आणि वैतरणा यांचीही अशीच फारकत होते. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागाचे पाणी पूर्वेला जाते. कोयना प्रकल्पात माणसाने हा नियम मोडला. कृष्णेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस शिवसागर जलाशयात अडवून बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडला जातो. वीज करून झाल्यावर तो वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला परत जातो. या पाण्याने कराडचा कोयना-कृष्णेचा प्रीतिसंगम पाहिलेलाच नसतो.

जमिनीवर पडलेल्या पावसातला काही भाग वाहून जातो, काही मातीत अडकतो आणि उरलेला खोल मुरतो. मातीतली ओल हा सगळ्यांत दुर्लक्षित साठा आहे, कारण ती धरणासारखी दिसत नाही. प्रत्यक्षात पावसावरची सारी शेती तिच्यावरच उभी आहे. मराठीत 'वाफसा' हा शब्द याच साठ्याच्या एका नेमक्या अवस्थेला दिलेला आहे : मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही खेळते आहे, चिखल नाही आणि कोरडही नाही, अशी पेरणीजोगी स्थिती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू पेरला जातो तो पाऊस सरल्यावर. त्यानंतर आभाळातून फारसे काही मिळत नाही. भारी, खोल जमिनीने धरून ठेवलेली ओल आणि थंडीतले दहिवर यांवर ते पीक माघात कणसाला येते.

खोल मुरलेल्या पाण्याचे वर्तन खडकावर अवलंबून असते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्ट या लाव्हाच्या खडकाने व्यापलेला आहे. गंगेच्या मैदानात वाळूचे जाड थर स्पंजासारखे पाणी धरतात. इथला काळा पाषाण तसा नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या सांधे-भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या कुजक्या, सच्छिद्र पट्ट्यात. विहीर खणणारे खडक पाहूनच पाण्याचा अंदाज बांधतात : मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक लागला तर आशा, एकसंध पाषाण लागला तर सुरुंग. अशा खडकात पाण्याला मिळणारी रिकामी जागा शेकडा दोन धरली, तर १०० मिलिमीटर पाणी मुरताच विहिरीची पातळी पाच मीटर चढते. श्रावणात तुडुंब दिसणारी विहीर पाहून पाणी मुबलक आहे असे वाटते, पण तेवढ्याच झपाट्याने ती उपसली जाते आणि फाल्गुनात तळ दिसतो. खडकाचे हे लहान पोट ध्यानात न घेता पिके ठरवली गेली, याची किंमत दुष्काळी तालुके मोजत आले आहेत.

भूजल आणि नदी ही दोन वेगळी पाणी नव्हेत, हे इथे ठासून सांगायला हवे. महाराष्ट्रातल्या नद्यांना हिमालयाच्या नद्यांसारखे बर्फाचे पाणी नाही. पाऊस थांबल्यानंतर मार्गशीर्षात किंवा माघात ओढा वाहताना दिसतो, तो काठाच्या खडकांतून पाझरणाऱ्या भूजलाने. काठावर बोअर घेऊन ते पाणी उपसले की नदी आटते. भूजलाचा आकडा एका विभागाने आणि नदीचा दुसऱ्याने मांडून दोन्हींची बेरीज केली, तर तेच पाणी दोनदा मोजले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने ही चूक टाळली. तिथे पावसाची नोंद घेऊन गावाच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला जातो, पिके त्यावरून ठरतात आणि शेतीसाठी बोअरला मनाई आहे. जलविज्ञानाचे मूळ समीकरणही हेच आहे : पडलेला पाऊस म्हणजे उडून गेलेले पाणी, वाहून गेलेले पाणी आणि साठ्यात पडलेली भर किंवा घट, यांची बेरीज.

सर्वच भूजल असे दर वर्षी भरून येणारे नसते. सहाराच्या वाळवंटाखालचे, ईजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या देशांत पसरलेले पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानात मुरलेले आहे. ते काढणे म्हणजे खाणीतून कोळसा काढण्यासारखेच. पाणी असेच दीर्घकाळ बर्फातही अडकून राहते; सर्वांत जुने बर्फ अंटार्क्टिकात आहे. तिथल्या एका वेधनातून सुमारे आठ लाख वर्षांपर्यंतचे बर्फ वर काढण्यात आले, आणि त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून त्या काळचे वातावरण वाचता आले.

ज्या सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही, त्यातून पाणी फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार साचत राहतात. कॅस्पियन समुद्र हे याचे सर्वांत मोठे, तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे आपल्या ओळखीचे उदाहरण. उल्काघाताने बेसॉल्टमध्ये झालेल्या या विवराच्या काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे आणि तळाशी अतिशय क्षारयुक्त पाणी. २०२० च्या उन्हाळ्यात हे पाणी गुलाबी झाले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये दाखवून दिले.

हे चक्र माणसाला सहज उमगले नाही. समुद्राचे पाणी भुयारी वाटांनी डोंगरांत चढते आणि झऱ्यांतून बाहेर पडते, असे युरोपात सतराव्या शतकातही मानले जात होते. एवढ्या नद्या भरायला पाऊस पुरेल, हे कुणाला पटत नव्हते. १६७४ मध्ये फ्रान्सच्या प्येर पेरो याने सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातला पाऊस आणि नदीचा प्रवाह यांचा हिशेब घातला, तेव्हा पाऊस सुमारे सहापट भरला. पुढे एडमंड हॅली याने भूमध्य समुद्रावरच्या बाष्पीभवनाचा अंदाज काढून वर्तुळाची दुसरी बाजू जोडली. भारतात पाऊस मोजण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात एक हात रुंदीच्या भांड्याने पाऊस मोजायला सांगितले आहे आणि प्रदेशवार प्रमाणेही दिली आहेत. गोदाकाठच्या अश्मकाला आकडा आहे, अपरान्ताला म्हणजे कोकणाला मात्र पाऊस अमित म्हटला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या शिरा शोधण्यावर दकार्गल हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या सगळ्याच खुणा आज टिकत नाहीत, पण झाडे आणि वारुळे पाहून ओल ताडण्याची नजर खरी होती.

तापमान एक अंशाने वाढले की हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापणाऱ्या जगात जमीन लवकर सुकते आणि पाऊस येतो तेव्हा अधिक जोराने येतो. जोराच्या पावसातले पाणी मुरायला वेळ मिळत नाही. वार्षिक आकडा तोच राहूनही विहीर रिकामी राहू शकते. जगातल्या भूजल उपशापैकी सुमारे पाव उपसा एकट्या भारतात होतो. २००२ पासून गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांना वायव्य भारताखालच्या भूजलातली घट अवकाशातून जाणवली.

चक्राची सर्वांत संथ फेरी भूगर्भात चालते. समुद्रतळाचा खडक खंडांखाली सरकताना खनिजांत बांधलेले पाणी सोबत नेतो. ब्राझीलमध्ये सापडलेल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा कण अडकलेला होता. ४१० ते ६६० किलोमीटर खोलीवरून आलेल्या त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. तिथे समुद्र नाही, पाणी स्फटिकाच्या रचनेतच गुंतलेले आहे. ज्वालामुखींतून ते वाफ होऊन परत येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हाही वाफ आणि इतर वायू त्यातून सुटले, आणि त्यांच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या खडकात राहिल्या. नंतर झिरपलेल्या पाण्याने या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढवले. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून आणि विहिरींच्या खोदकामातून ते निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. स्टिलबाइट या त्यांच्यातल्या एका खनिजात वजनाच्या जवळजवळ सहाव्या भागाइतके पाणी असते. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट याने असा दगड ज्योतीवर धरला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून त्याला झिओलाइट हे 'उकळणारा दगड' या अर्थाचे नाव दिले. त्या ज्योतीवर सुटलेली वाफ त्याच दिवशी हवेत मिसळली.