तळटीप : मल्टिमीडिया आणि हायपरमीडिया

३. हे दोन्ही शब्द लेखकाने एकाच अर्थाने वापरले आहेत. मूळ मजकूर तसाच ठेवून फरक इथे नोंदवतो. पळसदेवच्या जुन्या गावावर चित्रफीत केली, म्हणजे उजनीचे पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे पळसनाथाचे मंदिर, जोडीला निवेदन आणि खाली अक्षरे, तर तो मल्टिमीडिया. मुलांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची. त्याच मंदिराच्या छायाचित्रात शिखरावर बोट ठेवताच मंदिरस्थापत्याचे पान उघडले, पाण्यावर ठेवताच भीमेचा नकाशा, तिथून धरणग्रस्तांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण किंवा भिगवणचे रोहित पक्षी, तर तो हायपरमीडिया. वाट मुलाने निवडायची. (वाट चुकायची सोयही त्यातच आहे. रोहित बघता बघता मंदिर राहून जाते, म्हणून तास सुरू होण्याआधी शिक्षकाने एक नेमका प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलेला बरा.) ‘हायपरमीडिया’ ही संज्ञा टेड नेल्सन यांची, १९६५ची.

आपल्याकडे माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२०चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांतही पुढे कोड आले. मात्र कोड स्कॅन केल्यावर एकच चित्रफीत सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर तो फार तर एक दुवा झाला. त्याला हायपरमीडिया म्हणणे आम्हांला पटत नाही. – संपा.