दुष्काळाची मोजपट्टी

१८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा उजाड केला. त्यानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून दुष्काळ-संहिता आकारास आल्या. दुष्काळ म्हणजे न पडलेला पाऊस, हे समीकरण तेव्हापासून आपल्या कारभारात रुजले. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन नियमपुस्तिकेतही पहिली कसोटी पर्जन्याचीच आहे.

मार्च २०२२ मध्ये हे समीकरण लंगडे पडले. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील तो सर्वांत उष्ण मार्च. पंजाब-हरयाणातला गहू कालव्यांच्या आणि नलिकाकूपांच्या पाण्यावर उभा असतो. पाण्याची वाण नव्हती. पण दाणा भरण्याच्या ऐन काळात उष्मा वाढला की पीक वेळेआधी पिकते आणि दाणा सुरकुततो. सरकारी गहू खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. (युक्रेन युद्धामुळे खासगी व्यापारी चढा भाव देत होते, हेही एक कारण, सारा दोष हवामानाच्या माथी मारणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही.) १३ मे रोजी निर्यातबंदी झाली. दोनच दिवसांनी सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा ६ वरून १८ टक्के करण्यात आली, तीही भावात कपात न करता.

शेतकऱ्याच्या हाती आलेल्या दाण्याला अशी पूर्ण किंमत मिळाली. जो दाणा भरलाच नाही, त्याचे काय? आपत्ती-साहाय्याच्या तेव्हाच्या राष्ट्रीय यादीत अवर्षण होते, गारपीट होती, टोळधाडही होती. उष्णतेची लाट नव्हती.