मोठ्या आतड्यावरचा आरोप

१८८७ साली पॅरिसमधील वैद्यकाचे प्राध्यापक शार्ल बुशार यांनी आपल्या व्याख्यानांचे पुस्तक प्रसिद्ध केले. निरोगी माणसाच्या शरीरातही विष सतत तयार होत असते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. आतड्यात अन्न कुजते, त्यातून निघालेले पदार्थ रक्तात उतरतात, यकृत त्यांतील काही निकामी करते, मूत्रपिंडे काही बाहेर टाकतात आणि या दोघांचे काम ढिले पडले की रोग उद्भवतो, असे ते मांडत. पुराव्यासाठी बुशार माणसाचे मूत्र सशाच्या शिरेत टोचत आणि ससा मरायला किती मात्रा लागते ते मोजत. त्यासाठी त्यांनी एक खास एककही ठरवले होते. या प्रकाराला ‘स्वविषबाधा’ म्हटले जाऊ लागले. जंतुशास्त्र तेव्हा ऐन भरात होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा आणि १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला होता. बाहेरून येणारे जंतू इतके घातक, तर आतड्यात कायम मुक्कामाला असलेले निरुपद्रवी कसे, हा प्रश्न त्या पिढीला पडणे साहजिक होते.

या कल्पनेला जगभर नाव मिळवून दिले ते एली मेचनिकॉफ यांनी. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा शोध त्यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या डिंभांवर काम करताना लावला आणि त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर मिळाले. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. (मुंबईला परिचित असलेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसातले त्यांचेच विद्यार्थी. गुरूपाठोपाठ ते पॅरिसला आले आणि पुढे प्लेगची लस मुंबईत तयार करून १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.) आतड्यातील जंतूंकडे मेचनिकॉफ वळले ते पटकीच्या वाटेने. १८९२ च्या साथीत त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले आणि सहकाऱ्यांनाही पाजले. त्यांना स्वतःला काही झाले नाही. एका सहकाऱ्याच्या मात्र जिवावर बेतले. एकाच जंतूचा दोघांवर इतका वेगळा परिणाम का, हे शोधताना बशीत वाढवलेल्या जंतूंनी त्यांना उत्तर सुचवले. आतड्यातील काही जंतूंच्या शेजारी पटकीचा जंतू जोमाने वाढत होता, काहींच्या शेजारी खुरटत होता. रोगाचा निकाल आधीपासून वस्तीला असलेले जंतूही ठरवतात, हे निरीक्षण आजही टिकून आहे.

पुढचे सगळे मात्र तसे टिकले नाही. १९०१ नंतर मेचनिकॉफ यांनी मोठ्या आतड्यावर जवळपास खटलाच भरला. हा अवयव माणसाला नको झालेला वारसा आहे, त्यात कुजणाऱ्या प्रथिनांपासून फिनॉल, क्रेसॉल, इंडोल असे पदार्थ बनतात, त्यांनी रक्तवाहिन्या कडक होतात आणि वार्धक्य लवकर येते, असे त्यांचे म्हणणे होते. पोपटाचे मोठे आतडे नाममात्र असते आणि तो दीर्घायुषी असतो, अशा तुलना ते देत. याच सुमारास पाश्चर संस्थेतच आंरी तिसिये यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत बिफिडो जंतूंचे प्राबल्य असते, असे दाखवले होते. १९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या दह्यातून एक लांबट जंतू वेगळा केला. आंबलेल्या दुधातले आम्ल सडण्याला अटकाव करते आणि बल्गेरियाच्या खेड्यांत दही खाणारी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, अशी ऐकीव माहिती होती. या दोन्हींची सांगड घालून मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला आणि स्वतः ते रोज घेऊ लागले. पॅरिसच्या औषधविक्रेत्यांकडे विरजणाच्या गोळ्या मिळू लागल्या. पण १९२१ मध्ये येल विद्यापीठात लिओ रेटगर आणि हॅरी चेप्लिन यांना असे आढळले, की बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात तगच धरत नाही. मेचनिकॉफ त्याआधीच, १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी वारले होते.

दह्याने कुणाचे नुकसान झाले नाही. शस्त्रक्रियेने झाले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील विल्यम आर्बथनॉट लेन हे त्या काळचे अत्यंत कुशल शल्यविशारद. मोडलेली हाडे पट्ट्या लावून जोडण्यात आणि जखमेला हाताचा स्पर्शही होऊ न देता, लांब दांड्याच्या उपकरणांनी काम करण्यात त्यांचा हातखंडा होता. बद्धकोष्ठामुळे आतड्यात मळ साचून राहतो आणि डोकेदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सारे त्यातूनच होते, अशी त्यांची खात्री पटली. सुरुवातीला ते लहान आतडे थेट शेवटच्या भागाला जोडून मोठ्या आतड्याला वळसा घालत. पुढे मोठे आतडेच काढून टाकू लागले. त्यांच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि शस्त्रक्रियेनंतर काही दगावल्या. १९१३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर प्रदीर्घ चर्चा झाली, तीत विरोधाचा सूर स्पष्ट होता. लेन शेवटी चाकू सोडून आहाराकडे वळले. भाजीपाला, कोंड्यासकट धान्य आणि व्यायाम यांचा प्रचार करण्यासाठी १९२५ मध्ये त्यांनी न्यू हेल्थ सोसायटी काढली. त्यांच्या उत्तरायुष्यातील हा सल्ला आजचा कोणताही पोटविकारतज्ज्ञ देईल.

अमेरिकेत प्रकरण याहून भयंकर वळणावर गेले. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात आहे असे ठरवले आणि रुग्णांचे दात, टॉन्सिल, मग आतडी काढण्याचा सपाटा लावला. मोठे आतडे काढलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के मरतात, हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. या रुग्णांना नकार देण्याची सोय नव्हती, ही गोष्ट त्या काळच्या गौरवलेखांत कुठे येत नाही.

कल्पना मोडीत निघाली ती अगदी साध्या युक्तिवादाने. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी असा मुद्दा मांडला, की शौचाला झाल्याबरोबर रुग्णाचे डोके हलके होते. विष रक्तात असेल तर ते मिनिटभरात नाहीसे कसे होईल? १९२२ मध्ये आर्थर डोनाल्डसन यांनी निरोगी पुरुषांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिला. कापूस काही विष सोडत नाही. तरीही तीच डोकेदुखी, तीच मरगळ आली आणि कापूस काढताच गेली. त्रास होता तो ताणाचा, मज्जातंतूंवाटे जाणवणारा. यानंतर ‘स्वविषबाधा’ हा शब्द उच्चारणे प्रतिष्ठित डॉक्टराला शोभेनासे झाले आणि तो जुलाबाच्या औषधांच्या जाहिरातींपुरता उरला.

एका ठिकाणी मात्र बुशार यांचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि त्याचा पुरावा या सगळ्या गदारोळाच्या आधीपासून उपलब्ध होता. आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी प्रवेशिका शीर थेट महाशिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक यांनी कुत्र्यांवर केली. १८९३ मध्ये इव्हान पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अशी कुत्री मांस खाल्ल्यावर चवताळतात, झोकांड्या खातात आणि शेवटी बेशुद्ध पडतात. यकृत टाळून आतड्याचे रक्त सरळ मेंदूपर्यंत पोहोचले की काय होते, त्याचे हे प्रात्यक्षिकच होते. १९५४ मध्ये लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या चमूने यकृत सुरकुतलेल्या रुग्णांत हाच विकार ओळखला: झोपेची उलटापालट, थरथरणारे हात, सही करताना वाकडीतिकडी होणारी अक्षरे, आणि मग गुंगी. मुख्य संशयित अमोनिया. तो बनवण्यात आतड्यातील जंतूंचा मोठा वाटा. निओमायसिन हे प्रतिजैविक रक्तात जवळपास शोषले जात नाही, आतड्यातच राहून जंतू मारते. ते दिल्यावर अनेक रुग्ण शुद्धीवर येत. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अशा रुग्णांचे मोठे आतडे काढण्याचेही प्रयोग झाले. लेन यांची शस्त्रक्रिया या वेळी खऱ्या कारणासाठी परतली होती. पण इतक्या आजारी माणसांना ती झेपण्यासारखी नव्हती. १९६६ मध्ये झुरिकहून लॅक्ट्युलोजचा उपाय पुढे आला. ही साखर माणसाला पचत नाही, मोठ्या आतड्यातील जंतू ती आंबवतात, आम्ल तयार होते आणि अमोनिया शोषला जाण्याचे प्रमाण घटते. आज यकृताच्या कोणत्याही वॉर्डात तिची बाटली दिसते.

बुशार आणि लेन यांच्या मांडणीतली खरी उणीव म्हणजे विष आत शिरते ते नेमके कुठून, हे कोणी पाहिलेच नव्हते. आतड्याचे अस्तर ही पेशींची एकेरी रांग असते आणि ती चार-पाच दिवसांत नवी होते. १९६३ मध्ये मॅरिलिन फारकर आणि जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारशेजारच्या पेशींमधले घट्ट सांधे दाखवले. त्यांतील प्रथिने जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने शोधली, ऑक्लुडिन १९९३ मध्ये आणि क्लॉडिन १९९८ मध्ये. हे सांधे कायमचे बंद नसतात, गरजेनुसार सैल-घट्ट होतात, हे हळूहळू उमगले. पेशींच्या वर शेवाळल्यासारखा चिकट थर असतो. मोठ्या आतड्यात त्याचा आतला पदर जवळजवळ जंतुरहित असतो, हे तर २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले.

अस्तराचा हा अडसर ढासळल्यावर काय होते, याची एक नोंद १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये झाली होती. रक्तस्रावाच्या धक्क्यातून न सावरणाऱ्या प्राण्यांना जेकब फाइन यांनी आधीच प्रतिजैविके दिली, तर त्यांतले अधिक वाचत. यावरून आतड्यातील जंतूंची विषे रक्तात उतरत असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जिवंत जंतूच अस्तर ओलांडून लसिकाग्रंथींत जातात, या प्रकाराला १९७९ मध्ये रॉडनी बर्ग आणि अँथनी गार्लिंग्टन यांनी स्थलांतर म्हटले.

भारताचा या इतिहासातला वाटा दोन शहरांत आहे. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५० च्या दशकात सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडवले. पटकीचे विष रक्तात भिनून मारते असे कॉख मानत. डे यांनी ते आतड्याच्या अस्तरावरच काम करते हे सिद्ध केले. दुसरे शहर वेल्लोर. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर, व्ही. आय. मथान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले, की कसलीही तक्रार नसलेल्या गावकऱ्यांच्या लहान आतड्यातील केसासारखे अंकुर पाश्चात्त्य पुस्तकांतल्यापेक्षा आखूड आणि बोथट असतात. दक्षिण आशियात राहून गेलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांतही असेच बदल आढळत आणि मायदेशी परतल्यावर ते भरून येत. वेल्लोरलाच टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की तोंडावाटे दिलेला पोलिओचा डोस भारतीय बाळांत श्रीमंत देशांइतका लागू पडत नाही. लॅक्ट्युलोज पाजून ते अस्तरातून झिरपून मूत्रात किती उतरते हे मोजायची चाचणी आल्यावर या संशोधनाला आकडे मिळाले: १९९१ मध्ये गांबियातील बाळांच्या खुंटलेल्या वाढीपैकी ४३ टक्क्यांपर्यंतचा संबंध आतड्याच्या या गळतीशी जोडला गेला. यावर उपाय म्हणून संडास, हात धुण्याची सोय आणि शुद्ध पाणी पुरवण्याचे मोठे प्रयोग बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत झाले. त्यांच्या २०१८-१९ मधील निष्कर्षांत मुलांची उंची त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. कोंबड्या-गुरांच्या सान्निध्यात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात जाणारी घाण एका संडासाने थांबत नसावी, असे त्यावरचे एक स्पष्टीकरण आहे.

एकविसाव्या शतकात जंतुरहित उंदरांनी विषय पुन्हा पुढे आणला. २००४ मध्ये सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत अशा उंदरांना आतड्यातील जंतू दिले, तेव्हा ते कमी खाऊनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी जपानच्या क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो यांनी दाखवले, की जंतुरहित उंदीर तणावाला जरुरीपेक्षा तीव्र प्रतिसाद देतात आणि लहानपणीच बिफिडो जंतू दिले तर ते ताळ्यावर येतात. २००७ मध्ये बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांनी चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात जंतूंच्या बाह्यकवचाचा अंश वाढलेला आणि त्याबरोबर इन्सुलिनचा प्रभाव घटलेला दाखवला. माणसांत सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका जुलाबाच्या आजारातला आहे: क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गात निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले, असे अ‍ॅम्स्टरडॅमच्या २०१३ च्या चाचणीत आढळले. मधुमेह, नैराश्य, कंपवात यांबाबत माणसांतला पुरावा अजून बहुतांशी सहसंबंधांचा आहे. आजाराने आतडे बिघडते की आतड्याने आजार होतो, हे त्यातून ठरत नाही.

गळक्या आतड्याचा बाजार मात्र जोरात आहे. पटकीच्या जंतूतील सांधे सैल करणाऱ्या विषाच्या मागावर असताना बाल्टिमोरच्या अलेस्सियो फसानो यांना माणसातच तसे काम करणारे झोन्युलिन हे प्रथिन २००० मध्ये सापडले. ते मोजण्याच्या तयार किट आज सर्रास विकल्या जातात. त्यांतल्या काही झोन्युलिनऐवजी दुसरीच प्रथिने मोजतात, असे तपासणीत निघाले आहे. हे सांधे घट्ट करण्यासाठी बनवलेल्या लॅराझोटाइड या औषधाची ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये मध्यंतरीचे आकडे पाहून थांबवण्यात आली.